उन्हाळ्यासाठी पुस्तकं निवडताना: वेळेच्या हिशोबापासून पहिल्या पन्नास पानांपर्यंत

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर गर्दी असते. दहा मिनिटांत पाच जाडजूड पुस्तकं उचलली जातात आणि महिन्याभराने त्यातली चार न वाचता परत येतात. परत आलेलं पुस्तक मी नेहमी उघडून बघते. खूण म्हणून घातलेला कागदाचा कपटा बहुतेक वेळा तिसाव्या ते साठाव्या पानाच्या दरम्यान कुठेतरी अडकलेला असतो. "आताशा वाचन होतच नाही हो," असं म्हणून लोक पुस्तक पुढे सरकवतात. ते ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण त्यांच्या वाचनात काहीच बिघडलेलं नसतं. निवडीचा क्रम चुकलेला असतो. आधी नावाजलेल्या पुस्तकांची यादी, मग पुस्तकं घरी आणणं, आणि वाचून बघणं सगळ्यात शेवटी, तेही परतीचे दोर कापल्यावर.

इथे दिलेल्या क्रमात वाचून बघणं हाच निवडीचा मुख्य भाग आहे. सगळं मिळून चार-पाच तासांचं काम आहे, पण ते एका बैठकीत करू नका. सुट्टीच्या तीन आठवडे आधी सुरुवात करा. एक छोटी वही, पेन, घड्याळ आणि ग्रंथालयाचं कार्ड एवढं जवळ असलं की पुरे. कार्डाची मुदत संपलेली नाही ना, हे आजच बघून ठेवा.

## टप्पा १: पुस्तकांआधी वेळ मोजा

बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. सुट्टी महिनाभराची आहे म्हणजे वाचायला महिना आहे, असं आपण धरून चालतो.

घरातलं कुठलंही सोपं गोष्टीचं पुस्तक घ्या. दहा मिनिटांचा गजर लावा आणि नेहमीच्या वेगाने वाचा. मुद्दाम भराभर वाचू नका. गजर वाजल्यावर किती पानं झाली ते वहीत लिहा. मग माहितीपर पुस्तक घेऊन हेच पुन्हा करा. दोन्ही आकडे वेगळे येतील. मार्क ब्रिसबार्ट या संशोधकांनी २०१९ मध्ये इंग्रजी वाचनावरच्या १९० अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला. त्यात प्रौढांचा मनातल्या मनात वाचण्याचा सरासरी वेग माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द आणि कथात्म मजकुरासाठी २६० शब्द असा आला. हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द लांब होतात आणि तेवढाच मजकूर कमी शब्दांत मावतो. म्हणून शब्दांपेक्षा पानं मोजलेली बरी, आणि तीही स्वतःची.

आता हिशोब. समजा दहा मिनिटांत सात पानं झाली आणि दिवसाकाठी चाळीस मिनिटं खरोखर मिळणार आहेत. म्हणजे रोज अठ्ठावीस पानं. सुट्टी चोवीस दिवसांची असली तरी त्यातला एक तृतीयांश भाग सोडून द्या. प्रवास, पाहुणे, आजारपण, कंटाळा, सगळं त्यात आलं. उरले सोळा दिवस. सोळा गुणिले अठ्ठावीस म्हणजे ४४८ पानं. एक अडीचशे पानांची कादंबरी, एक दीडशे पानांचा कथासंग्रह, आणि थोडं हातचं राखलेलं. एवढंच! पाच जाडजूड पुस्तकं या हिशोबात कुठेच बसत नाहीत.

तपासा: वहीत पानांचा एकच आकडा आहे ना? "तीनशे ते हजार" असं लिहिलं असेल तर पुन्हा मोजा.

## टप्पा २: आपल्याला कशात रमायला होतं ते लेखी काढा

या टप्प्याला घाई नको. पुढचं सगळं यावर उभं आहे.

हातातून खाली ठेववलं नाही अशी पाच पुस्तकं आठवा आणि त्यांची नावं वहीत एकाखाली एक लिहा. शाळेत असताना वाचलेली चालतील, रहस्यकथा चालतील, कुणाला सांगायला संकोच वाटेल अशीही चालतील. ही वही तुमच्याशिवाय कुणी बघणार नाही. प्रत्येक नावापुढे एक वाक्य लिहायचं: या पुस्तकातलं मला आज काय आठवतं? अट एकच. छान, सुंदर, अप्रतिम, हृदयस्पर्शी हे शब्द वापरायचे नाहीत. या शब्दांनी पुस्तकाविषयीही काही कळत नाही आणि स्वतःविषयीही.

एका वाचकाच्या वहीत मी पाहिलेल्या ओळी अशा होत्या: "होडीतून जातानाचं धुकं." "म्हातारीचा तिरसटपणा, ती मेली तेव्हा दोन दिवस करमलं नाही." "बेटावरचा दीपस्तंभ आणि त्याची शंभर पायऱ्यांची जिना-वाट." "खुनी कोण ते विसरलो, पण तो बर्फातला वाडा आठवतो." "मासे पकडणाऱ्यांचं गाव." हे गृहस्थ कित्येक वर्षं रहस्यकथा मागत होते आणि अर्ध्यावर सोडत होते. वही समोर ठेवल्यावर लगेच दिसलं की पाचपैकी चार ओळींत एखादी जागा आहे. त्यांना रहस्याची ओढ नव्हतीच. त्यांना कुठेतरी जायचं होतं. त्या उन्हाळ्यात त्यांनी दोन प्रवासवर्णनं आणि समुद्राकाठी घडणारी एक कादंबरी नेली आणि तिन्ही संपवून आणली.

अशा ओळी वाचायला एक चौकट उपयोगी पडते. नॅन्सी पर्ल या अमेरिकी ग्रंथपाल म्हणतात की वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो: कथानक, पात्रं, परिसर आणि भाषा. प्रत्येक चांगल्या पुस्तकाला ही चारही दारं असतात, पण सगळी सारखी मोठी नसतात. "पुढे काय होतं" या ओढीने वाचणारा कथानकाच्या दाराने आत जातो. पात्रांच्या दाराने जाणाऱ्याला पुस्तक संपल्यावर कुणीतरी घर सोडून गेल्यासारखं वाटतं. परिसराचं दार म्हणजे ते धुकं, तो दीपस्तंभ. आणि एखादं वाक्य दोनदा वाचून, बाजूला बसलेल्याला ऐकवल्याशिवाय ज्याला राहवत नाही, त्याचं दार भाषेचं.

तुमच्या पाच ओळींपुढे दाराचं नाव लिहा. जे नाव जास्त वेळा आलं, ते तुमचं मोठं दार. कधी दोन नावं बरोबरीने येतात, तेही ठीक आहे.

आता उलट बाजूने. अर्ध्यावर सोडलेली तीन पुस्तकं लिहा आणि कुठे सुटलं ते लिहा. "नावं फार, कोण कुणाचा ते कळेना." "तीस पानं झाली तरी कुणी काही बोलेना." या तीन ओळी नंतर चाळणीसारख्या वापरायच्या आहेत.

सावधान: आपल्याला काय आवडायला हवं, ते लिहिण्याचा मोह इथे फार होतो. एखादं मोठं नाव यादीत आलं आणि त्यातलं एकही दृश्य आठवत नसेल, तर ते खोडा. त्या पुस्तकाचा मान कमी होत नाही, पण पुढची निवड मात्र नीट होते.

## टप्पा ३: कुठे आणि केव्हा वाचणार?

हा टप्पा दहा मिनिटांचा. वाचनाचे तुकडे केवढे मिळणार ते बघा. पंधरा-वीस मिनिटांचे तुटक तुकडे असतील तर कथा, पत्रं, डायरी, छोटे ललित लेख घ्या. सलग दीड-दोन तासांची दुपार रोज मिळणार असेल तरच मोठी कादंबरी. लहान मुलं आजूबाजूला खेळत असतील तर पंधरा पात्रांची वंशावळ असलेलं पुस्तक नको, दर अडथळ्यानंतर चार पानं मागे जावं लागतं. रात्री झोपण्याआधी वाचणार असाल तर प्रकरणं लहान असावीत.

उन्हाच्या तलखीत डोकं जड असतं, हेही धरून चला. दुपारी दोन वाजता जे पुस्तक पुढे सरकत नाही, ते सकाळी सात वाजता सहज सरकतं. अवघड पुस्तक घ्यायचंच असेल तर त्याला सकाळ राखून ठेवा.

## टप्पा ४: कच्ची यादी, हवी त्याच्या तिप्पट

चार पुस्तकं वाचायची असतील तर बारा नावं जमवा. चाळणीतून गळणारी बरीच असतात.

नावं मिळवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे खुलं कपाट. शियाळी रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं सांगतो, तिसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असं. तिसरा नियम कपाटासमोर उभं राहिल्यावरच समजतो: जे पुस्तक तुम्ही कधी मागितलंच नसतं, ते हाताला लागतं. विषयानुसार आकडे देऊन पुस्तकं लावण्याची ड्युई दशांश पद्धत १८७६ पासून वापरात आहे आणि तिचे चार-पाच आकडे लक्षात ठेवले की अनोळखी ग्रंथालयातही वाट सापडते. ५२० च्या आसपास आकाश आणि तारे, ५९० ला प्राणी, ७९६ ला खेळ, ९१० ला प्रवास, ९२० ला चरित्रं. परिसराच्या दाराने जाणारे लोक कादंबऱ्यांच्या कपाटातच अडकतात आणि ९१० कडे फिरकतही नाहीत. तिकडे जरूर जा.

दुसरी जागा म्हणजे माणूस, पण त्याला नीट विचारायला हवं. "उन्हाळ्यात वाचायला काहीतरी चांगलं द्या" असं विचारलं की समोरचा त्याला आवडलेलं पुस्तक देतो. त्याऐवजी वहीतल्या ओळीच वाचून दाखवा: "मला जागेचं वर्णन असलेलं आवडतं, दोनशे पानांच्या आत, फार पात्रं नकोत. मागचं एक पुस्तक नावांच्या गर्दीमुळे सुटलं." एवढं सांगितलं तर कुठलाही जाणता ग्रंथपाल किंवा विक्रेता थेट दोन-तीन कपाटांपाशी नेऊन उभं करेल.

तिसरी जागा म्हणजे फुकट मिळणारी जुनी पुस्तकं. प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा उपक्रम १९७१ पासून स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं संगणकावर वाचायला उपलब्ध करून देतो. लिब्रिव्हॉक्स हे संकेतस्थळ २००५ पासून अशाच पुस्तकांचं वाचन स्वयंसेवकांच्या आवाजात देतं. दोन्हीकडे इंग्रजीचा भरणा जास्त आहे, पण इतर भाषाही आहेत. बोलकं पुस्तक उतरवून घेण्याआधी वाचणाऱ्याचा आवाज पाच मिनिटं ऐका. गोष्ट कितीही चांगली असो, न पटणारा आवाज आठ तास सहन होत नाही.

सावधान: पुरस्कार, सर्वाधिक खप, "मरण्याआधी वाचायलाच हवीत" अशा याद्यांवरून बारातली तीनपेक्षा जास्त नावं घेऊ नका. इतरांनी काय विकत घेतलं किंवा परीक्षकांना काय भावलं, ते या याद्यांवरून कळतं. तुमचं दार त्यांना ठाऊक नसतं. वाचकांचे अभिप्राय बघणार असाल तर पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडा, तीन ताऱ्यांचे वाचा. न आवडण्याची कारणं तिथे सविस्तर सापडतात, आणि दुसऱ्याला खटकलेली गोष्ट कित्येकदा आपल्याला हवीशी असते. "काही घडतच नाही, नुसती वर्णनं" हे वाचून परिसरवेड्या माणसाने पुस्तक लगेच नोंदवून ठेवावं.

## टप्पा ५: पुस्तक हातात घेऊन तपासणी

मजकूर वाचण्याआधी दोन मिनिटं पुस्तकाच्या देहाकडे बघा. माझ्याकडे एका उन्हाळ्यात फार उत्साहाने मागवलेली कादंबरी आली आणि चाळीस पानं वाचल्यावर कळलं की ती मालिकेतला तिसरा भाग आहे. पात्रं एकमेकांना ओळखत होती, मला कुणीच ओळखीचं नव्हतं. मुखपृष्ठावर तसा उल्लेख नव्हता. आतल्या पानावर, बारीक अक्षरात होता.

म्हणून पहिलं काम हे. शीर्षकपानाच्या मागची बाजू वाचा. मालिकेतला कितवा भाग, मूळ भाषा कोणती, अनुवाद कुणाचा, आवृत्ती कोणती, "संक्षिप्त" किंवा "रूपांतर" असा शब्द आहे का. संक्षिप्त आवृत्ती वाईट नसते, पण आपण तीच घेतो आहोत हे माहीत हवं. एकाच पुस्तकाचे दोन-तीन अनुवाद असतील तर ऑनलाइन मागवताना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, जुळवा. २००७ पासून हा क्रमांक तेरा अंकी आहे, आणि प्रत्येक आवृत्तीचा, कागदी आणि ई-बुक रूपांचाही, वेगळा असतो. नाव तेच दिसलं तरी क्रमांक वेगळा असेल तर घरी दुसराच अनुवाद येईल.

मग अक्षरांचा आकार आणि ओळींतलं अंतर बघा. दुकानातल्या लख्ख प्रकाशात वाचता येणारं अक्षर रात्रीच्या दिव्याखाली त्रास देतं. पुस्तक मधोमध उघडून हात काढा. मिटून बसत असेल तर आडवं पडून वाचताना दोन्ही हात गुंतणार. वजनही बघा. सहाशे पानांचं पुठ्ठा-बांधणीचं पुस्तक उताणं झोपून वाचून बघा म्हणजे कळेल.

मलपृष्ठावरचा मजकूर मात्र सोडाच. तो विकण्यासाठी लिहिलेला असतो, आणि कधी कधी निम्मी गोष्ट तिथेच फुटते.

## टप्पा ६: वाचून बघा

आता बारातली सात-आठ नावं उरली असतील. त्यातलं प्रत्येक पुस्तक दोनदा वाचून बघायचं आहे: एकदा उभ्याने, एकदा बसून.

उभ्याने म्हणजे कपाटासमोर. पहिलं पान वाचा आणि मग मधलं कुठलंही एक. काहीजण नव्व्याण्णवावं पान उघडतात, तो आकडा सोयीचा आहे एवढंच. पहिल्या पानावर लेखकाने जीव ओतलेला असतो, घासूनपुसून चकचकीत केलेलं असतं. मधलं पान खरं सांगतं. तिथले संवाद ओठ हलवत वाचा. माणसं बोलताहेत की भाषण करताहेत? अनुवाद असेल तर ही परीक्षा चुकवू नका. जिभेला वाक्य अडखळलं, "जे की" आणि "ज्याने की" यांची साखळी लागली, कर्ता कुठे आणि क्रियापद कुठे ते शोधावं लागलं, तर मूळ पुस्तक कितीही थोर असो, उन्हाळ्यात ते तुमच्या हातून संपणार नाही. दुसरा अनुवाद असेल तर तोच उतारा त्यात काढून शेजारी ठेवा. फरक अर्ध्या मिनिटात कळतो.

बसून म्हणजे घरी, ज्या जागी तुम्ही सुट्टीत वाचणार आहात त्याच जागी, वीस मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत. वाचून झाल्यावर वहीत तीन गोष्टी लिहा. नजर किती वेळा मागच्या ओळीकडे परत गेली? घड्याळाकडे किती वेळा बघितलं? गजर वाजला तेव्हा काय वाटलं: सुटलो, की आणखी दोन पानं?

आणि चौथी गोष्ट दुसऱ्या दिवशी लिहायची. पुस्तक न उघडता आठवून बघा: त्यातलं एखादं माणूस, जागा किंवा वाक्य डोक्यात राहिलं आहे का? ही परीक्षा मला सगळ्यात भरवशाची वाटते. वाचताना मजा आली पण दुसऱ्या दिवशी कोरी पाटी, अशी पुस्तकं हलकीफुलकी म्हणून यादीत जरूर ठेवा, पण मुख्य पुस्तक म्हणून नको. उलट वाचताना जरा जड गेलं, पण दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना ती विहिरीवरची मुलगी आठवली, तर ते पुस्तक घ्याच.

ई-बुकचा नमुना वाचणार असाल तर एक अडचण असते. नमुना म्हणजे सुरुवातीचा काही भाग, आणि त्यात बऱ्याचदा प्रस्तावना, मनोगत, अर्पणपत्रिका हेच भरलेलं असतं. प्रत्यक्ष गोष्टीची पाच-सहा पानंसुद्धा हाती लागत नाहीत. अशा वेळी निर्णय थांबवा आणि कागदी प्रत कुठे चाळायला मिळते का बघा.

तपासा: एकही पुस्तक निव्वळ नावावरून यादीत उरलेलं नाही ना? ज्याचं मधलं पान वाचलेलं नाही, ते बाहेर.

## टप्पा ७: अंतिम निवड आणि वाचायचा क्रम

टप्पा १ मधला पानांचा आकडा समोर घ्या आणि त्यात मावतील तेवढीच पुस्तकं ठेवा. निवड एकसुरी नको. एक पुस्तक हमखास आवडणारं, तुमच्या मोठ्या दाराचं. एक हलकं, दमलेल्या दिवसासाठी. एक थोडं अनोळखी, दुसऱ्या दाराचं. पाचही पुस्तकं एकाच लेखकाची किंवा एकाच प्रकारची घेतली तर तिसऱ्याला तोंड मिटतं. आवडत्या पदार्थाचंही तसंच होतं.

आता क्रम. इथे जवळपास सगळे चुकतात. सुट्टीचा उत्साह आहे तोवर मोठं पुस्तक उरकून टाकू, या विचाराने जाड पुस्तक आधी घेतलं जातं. चार दिवसांनी शंभर पानं झालेली असतात, पाचशे उरलेली असतात आणि पुढची सगळी पुस्तकं त्याच्यामागे रांगेत अडकतात. सुरुवात सगळ्यात बारीक आणि हमखास पुस्तकाने करा. दोन-तीन दिवसांत एक पुस्तक हातावेगळं झालं की बसायची सवय लागते. मोठं पुस्तक दुसरं. अनोळखी पुस्तक तिसरं किंवा मोठ्याच्या जोडीने, सकाळच्या वेळेला. हलकं पुस्तक रांगेत न लावता हाताशी ठेवा.

याशिवाय दोन राखीव पुस्तकं वेगळी काढून ठेवा. ती का, ते टप्पा ९ मध्ये येईल.

## टप्पा ८: मुलांसाठी निवडत असाल तर

वरचे सगळे टप्पे मुलांनाही लागू आहेत, फक्त वही मुलाच्या हातात असते. मोठ्यांनी निवडून दिलेलं पुस्तक आणि मुलाने स्वतः उचललेलं पुस्तक यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रिचर्ड ॲलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फ्लोरिडामधल्या गरीब वस्तीतल्या शाळांच्या ८५२ मुलांना ओळीने तीन उन्हाळे पुस्तकं दिली. मुलांनी ती स्वतः निवडायची होती. ज्यांना पुस्तकं मिळाली नाहीत अशा मुलांपेक्षा या मुलांची वाचनाची प्रगती स्पष्टपणे जास्त होती.

म्हणून कपाटासमोर मुलाला एकटं सोडा आणि चार पावलं मागे उभं राहा. "तुला कसलं आवडतं?" असं विचारू नका. या प्रश्नाला मुलं आपल्याला आवडेल ते उत्तर देतात. हात कुठे जातो ते बघा. मागच्या आठवड्यात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आईने सुचवलेलं थोरांचं चरित्र काखेत धरून उभी होती आणि दुसऱ्या हाताने आठ पायांच्या कोळ्यांच्या जातींवरचं चित्रमय पुस्तक चाळत होती. चित्रांखालच्या ओळी ती बोट ठेवून वाचत होती. काखेतलं पुस्तक तिने खिडकीवर ठेवलं, ते घ्यायला विसरली. तिच्या आईने क्षणभर विचार केला आणि कोळ्यांचं पुस्तक माझ्यापुढे केलं.

पुस्तक झेपतं का, हे पाच बोटांनी कळतं. मधलं एक पान मुलाला वाचू द्या. अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं. एक-दोन बोटं मिटली तर एकट्याने वाचायला योग्य. तीन-चार म्हणजे थोडी मदत लागेल. पाचही मिटली तर ते पुस्तक तुम्ही मोठ्याने वाचून दाखवायचं. मुलाला ते हवंच असेल तर काढून घेऊ नका, वाचणारा बदला.

सावधान: चित्रकथा, विनोदी पुस्तकं, आधी चार वेळा वाचलेलं पुस्तक, वयापेक्षा सोपं पुस्तक, यातलं काहीही नाकारू नका. आणि वाचून झाल्यावर सारांश लिहायला लावू नका. गोष्ट संपली की परीक्षा असते हे एकदा कळलं की मुलं गोष्ट संपवत नाहीत.

## टप्पा ९: आणणं, जपणं आणि मध्येच सोडणं

ग्रंथालयातून नेणार असाल तर परतीची तारीख सुट्टीच्या आत पडत नाही ना ते बघा आणि मुदतवाढ कशी मिळते ते आधीच विचारून ठेवा. मागणी असलेल्या पुस्तकासाठी तीन आठवडे आधी नाव नोंदवा. ई-बुक आणि बोलकी पुस्तकं निघण्याआधी उतरवून, इंटरनेट बंद करून उघडतात का ते बघा.

उन्हात बसून वाचायचं असेल तर ई-इंक पडद्याचं यंत्र चांगलं, कारण तो पडदा कागदासारखा बाहेरच्याच प्रकाशावर वाचता येतो. फोनचा पडदा उन्हात दिसेनासा होतो, आणि बहुतेक फोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. कागदी पुस्तक बंद गाडीत ठेवू नका. साध्या बांधणीच्या पुस्तकांच्या पाठीचा गोंद उष्णतेने मऊ होतो आणि मग पानं सुटायला लागतात. हलक्या प्रतीच्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक जास्त असतो, त्यामुळे खिडकीतल्या उन्हात तो लवकर पिवळा पडतो. ग्रंथालयाचं पुस्तक तिथे पालथं घालून ठेवू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आता सोडण्याविषयी. इतकं पारखूनही एखादं पुस्तक रेंगाळतं. त्यासाठी नॅन्सी पर्ल यांचाच एक नियम आहे. वय पन्नास किंवा त्याहून कमी असेल तर पन्नास पानं द्यायची. पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून वय वजा करायचं. अडुसष्ट वर्षांच्या वाचकाने बत्तीस पानं वाचावीत आणि मन लागलं नाही तर पुस्तक मिटावं. फक्त कसं थांबायचं ते ठरलेलं असू द्या. पुस्तक उशाशी "नंतर बघू" म्हणून ठेवलं की बाकीची पुस्तकंही उघडली जात नाहीत. ते त्याच दिवशी पिशवीत घाला, परत जाणाऱ्या पुस्तकांत. आणि तेव्हाच, त्याच तासाला, राखीव दोनांपैकी एक उघडा. सोडलेल्या आणि नव्या पुस्तकामध्ये एक रिकामी रात्र गेली की फोन हातात येतो आणि तीन दिवस निघून जातात, हे मी फार वाचकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

वही सुट्टीभर जवळ असू द्या. पुस्तक संपलं की त्याच दिवशी एक ओळ आणि दाराचं नाव, सुटलं तर पान नंबर आणि कारण. छान, सुंदर, अप्रतिम अजूनही बंद. पुढच्या उन्हाळ्यात टप्पा २ ला बसाल तेव्हा पाच पुस्तकं आठवत बसायला लागणार नाहीत, ती लिहिलेलीच असतील.